छुंदा, मेथिया केरी आणि पथ्यपाणी : कामरेजच्या ताटातील लोणचे कोणत्या आहारात बसते?

जेवणाच्या ताटात लोणच्याचा वाटा सर्वांत लहान असतो. पण आहार बदलण्याची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. रक्तदाब वाढला, मधुमेह निघाला किंवा वजन उतरवायचे ठरले की घरात पहिली सूचना होते ती ‘लोणचे बंद’ अशी. ही सूचना काहींच्या बाबतीत अगदी योग्य असते, तर काहींच्या बाबतीत निरर्थक. याचे कारण सोपे आहे. ‘लोणचे’ या एका शब्दाखाली मिठात, तेलात, साखरेत, गुळात, लिंबाच्या रसात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले, परस्परांहून पूर्णतः भिन्न असे पदार्थ येतात. एकाला जे अपथ्य ते दुसऱ्याला चालते, आणि एका पथ्यात बसणारी बरणी दुसऱ्या पथ्यात मुळीच बसत नाही. या भिन्नतेचा अभ्यास करण्यासाठी गुजरातमधील कामरेजचे ताट हे उत्तम उदाहरण ठरते.

तीन परंपरा, एक ताट

सुरत शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, तापी नदीच्या काठी वसलेले कामरेज हे सुरत जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथून जातो. महाराष्ट्रातून सौराष्ट्राकडे जाणाऱ्या प्रवाशांना ‘कामरेज चोकडी’ हे नाव परिचयाचे असते. भोवतालचा प्रदेश उसाचा आहे. कामरेज आणि शेजारच्या बारडोली तालुक्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊसतोडणीच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून मजुरांच्या टोळ्या दरवर्षी येथे उतरू लागल्या. हिरे घासण्याच्या व्यवसायामुळे अमरेली, भावनगर या जिल्ह्यांतील कुटुंबे सुरतेत आणि कामरेजच्या परिसरात स्थिरावली. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेला मराठी समाज मोठ्या संख्येने राहतो.

या स्थलांतरांमुळे येथे लोणच्याच्या तीन परंपरा एकत्र आल्या. दक्षिण गुजरातचा छुंदा, गोळकेरी आणि हिवाळ्यात लिंबाच्या रसात व मिठात घातलेली ओली हळद व आंबेहळद ही पहिली. सौराष्ट्रातील, शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलात बुडवलेली मेथिया केरी, भोकराचे (गुजरातीत ‘गुंदा’) आणि केरड्यांचे लोणचे ही दुसरी. मोहरीची डाळ आणि लाल तिखट घातलेले खानदेशी कैरीचे लोणचे ही तिसरी. गोव्याच्या वाचकाला मिस्कूट, मिठाच्या पाण्यात ठेवलेली चेपणीची तोरे आणि सुंगटांचे बाल्शांव ठाऊक असतात. कामरेजच्या बरण्या त्याहून वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मागचे विज्ञान एकच आहे.

टिकते कशामुळे?

अन्न नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाढीसाठी पाणी लागते. मीठ आणि साखर हे पाणी बांधून ठेवतात, आम्लता बहुतेक जीवाणूंची वाढ रोखते आणि तेलाचा थर हवेचा संपर्क तोडतो. प्रत्येक लोणच्यात यांपैकी एक किंवा दोन साधने प्रमुख असतात. ते लोणचे कोणत्या आहारात बसेल हे त्या साधनावरूनच ठरते.

छुंद्यासाठी राजापुरी जातीची मोठी, घट्ट कैरी किसतात. किसाला मीठ व हळद लावून त्यात कैरीच्या वजनाइतकी किंवा त्याहून थोडी अधिक साखर मिसळतात. पातेल्याच्या तोंडाला पातळ कापड बांधून ते आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवतात आणि रोज संध्याकाळी ढवळतात. साखर विरघळून पाक एकतारी झाला की लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालतात. तेलाचा एक थेंबही लागत नाही. मेथिया केरीत याच्या उलट घडते. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून सुटलेले पाणी काढतात, फोडी वाळवतात. मग मेथीचे व मोहरीचे कुरिया (म्हणजे साल काढून भरडलेली डाळ), तिखट आणि हिंग यांच्या मसाल्यात त्या घोळवून वर तेल ओततात. गोळकेरीत तेल थोडे, गूळ भरपूर आणि जोडीला धण्याचे कुरिया असतात.

सारांश असा, की छुंद्यात प्रश्न साखरेचा, मेथिया केरीत मिठाचा आणि तेलाचा, तर गोळकेरीत गुळाचा आणि मिठाचा आहे.

रक्तदाब आणि मिठाचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. रक्तदाब नियंत्रणासाठी अमेरिकेत तयार झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डॅश’ आहारपद्धतीत सोडियमची मर्यादा २३०० मिलिग्रॅम असून अधिक कडक स्वरूपात ती १५०० मिलिग्रॅमपर्यंत खाली येते.

भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार, ज्या लोणच्यात मीठ हेच प्रमुख संरक्षक आहे त्यात त्याचे प्रमाण किमान १२ टक्के असावे लागते. अशा लोणच्याची दहा ग्रॅमची एक फोड म्हणजे १.२ ग्रॅम मीठ, अर्थात सुमारे ४७० मिलिग्रॅम सोडियम. दोन जेवणांत अशा दोन फोडी खाल्ल्या तर दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा लोणच्यातच संपतो. भाजी, डाळ, फरसाण, पापड आणि पावातील मीठ वेगळेच. ‘डॅश’च्या कडक मर्यादेत राहणाऱ्या व्यक्तीला म्हणूनच मेथिया केरी रोज परवडत नाही. छुंद्यात साखरच टिकवण्याचे काम करीत असल्याने मीठ पुष्कळ कमी लागते. केवळ रक्तदाब असलेल्या आणि मधुमेह नसलेल्या व्यक्तीला छुंद्याचा लहान चमचा तुलनेने सोयीचा पडतो.

मीठ कमी करण्यासाठी बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ लोणच्यात वापरण्याचा मोह होतो. या मिठात सोडियमच्या जागी काही अंशी पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच शरीरात पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये. शिवाय घरच्या पाककृतीतील मीठ मनाने निम्मे केले तर लोणचे टिकत नाही. लोणचे तेच ठेवून फोड लहान करणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

मधुमेह, कीटो आणि दोन वेळचे जेवण

तयार छुंद्याच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. दहा ग्रॅमच्या लहान चमच्यात साधारण ५ ते ७ ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने अन्नात वरून मिसळलेल्या साखरेसाठी २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमची मर्यादा घातली असून ती २५ ग्रॅमपर्यंत आणल्यास अधिक हितकर, असे म्हटले आहे. गरम थेपल्यासोबत तीन-चार चमचे छुंदा सहज संपतो आणि हा २५ ग्रॅमचा वाटा तेथेच पुरा होतो. मधुमेही व्यक्तीने छुंद्याकडे लोणचे म्हणून न पाहता मुरांबा किंवा जॅमसारखा गोड पदार्थ म्हणून पाहावे, हे उत्तम.

गूळ घातल्यामुळे गोळकेरी मधुमेहाला चालते, हा समज सर्वत्र आढळतो. गुळाचा मुख्य घटकही साखरच आहे. त्यातील खनिजांचे प्रमाण लोणच्याच्या एका चमच्यात नगण्य असते. मेथीचेही तसेच. रक्तातील साखरेवर मेथीचा परिणाम तपासणाऱ्या अभ्यासांत वापरलेली मेथी लोणच्याच्या फोडीला चिकटलेल्या मसाल्याच्या अनेक पट असते. मेथिया केरीला औषध समजण्याचे कारण नाही.

कीटो आहारात दिवसाची कर्बोदके बहुधा २० ते ५० ग्रॅमच्या आत ठेवली जातात. तेथे छुंदा आणि गोळकेरी दोन्ही बाद होतात. तेलातील मेथिया केरी, केरडे आणि मिठातील मिरची मात्र बसतात, कारण त्यांत कर्बोदके अल्प असतात. येथे एक सावधगिरी हवी. चहाच्या चमचाभर तेलातही सुमारे ४० कॅलरी असतात. वजन कमी करण्यासाठी कॅलरी मोजणाऱ्याने फोड बरणीतून काढताना तेल निथळू द्यावे.

महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांतही डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर ती आधारलेली आहे. दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि मध्ये काही खाऊ नये, हे तिचे सूत्र. या सूत्रात जेवणातली लोणच्याची फोड अडत नाही. अडतो तो दुपारी चार वाजता चहासोबत घेतलेला खाकरा आणि त्यावर पसरलेला छुंदा. सुरतेच्या बाजूला हीच सवय सर्वांत पक्की असते.

जैन, स्वामीनारायण आणि उपवास

गुजरातमध्ये आहाराचे सर्वांत काटेकोर नियम धर्माचरणातून आलेले आहेत आणि लोणच्याच्या बाबतीत ते आधुनिक आहारशास्त्रापेक्षा अधिक तपशिलात जातात. जैन परंपरेने वर्ज्य मानलेल्या बावीस ‘अभक्ष्य’ पदार्थांत ‘बोळ अथाणु’ याचा समावेश आहे. बोळ अथाणु म्हणजे पुरेसे न वाळवलेल्या, पाणी राहिलेल्या फोडींचे लोणचे. ओलाव्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात, असे त्यामागचे कारण सांगितले जाते. म्हणून जैन घरांत फोडी उन्हात खडखडीत वाळवून मगच तेलात पूर्ण बुडवतात आणि साखरेच्या लोणच्याचा पाक पक्का करतात. लसूण, ओले आले आणि ओली हळद ही जमिनीखाली वाढणारी असल्याने चालत नाहीत. सुरतेत हिवाळ्यात आवडीने खाल्ली जाणारी ओली हळद-आंबेहळद जैन ताटात दिसत नाही ती यामुळे. आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण २२ जूननंतर, आंबा वर्ज्य होतो. त्यामुळे वर्षाचा छुंदा उन्हाळ्यातच घालून ठेवावा लागतो. आयंबिल व्रतात तेल, तूप, दूध, साखर आणि मसाले यांपैकी काहीच चालत नसल्याने कोणतेही लोणचे घेता येत नाही.

स्वामीनारायण संप्रदायाचे नियम पाळणारे कांदा व लसूण यांच्यासोबत हिंगही वर्ज्य मानतात. त्यांच्यासाठी मेथिया केरी हिंगाशिवाय घातली जाते. बाजारातील बरणी विकत घेताना या कुटुंबांना घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी लागते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील उपवासाचे लिंबाचे गोड लोणचे हे या परंपरेचे आपल्याकडील रूप. त्यात मोहरी, मेथी, हळद आणि हिंग नसतात. लिंबू, मीठ किंवा सैंधव, साखर, जिरे आणि तिखट एवढ्यावर ते होते. उपवासाच्या दिवशी मात्र साबुदाणा, बटाटा आणि हे लोणचे मिळून कर्बोदके व साखर एकाच वेळी वाढतात. मधुमेहींनी हे ध्यानात घ्यावे.

आयुर्वेदाच्या दृष्टीने अम्ल व लवण हे रस रुची उत्पन्न करणारे आणि अग्नी प्रदीप्त करणारे, तसेच पित्त वाढवणारेही आहेत. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी लोणचे रिकाम्या पोटी किंवा रात्री खाऊ नये, हा घरगुती सल्ला त्याच धाग्यातला.

वनस्पतिजन्य आणि ग्लुटेनमुक्त आहार

प्राणिजन्य काहीही न खाणाऱ्या ‘व्हीगन’ आहारात कामरेजच्या जवळजवळ सर्व बरण्या बसतात. आरोग्याच्या नावाखाली साखरेऐवजी मध घातलेला छुंदा तेवढा अपवाद. थेपल्याच्या पिठात बहुधा दही असते, म्हणून लोणचे चालले तरी सोबतचा पदार्थ तपासावा लागतो. गोव्याचे बाल्शांव अर्थातच येथे बाद होते, आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनाही ते वर्ज्य.

ग्लुटेनची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तो लोणच्यात असेल अशी शंकाच कोणाला येत नाही. बाजारात मिळणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो. हिंगाच्या तीव्र राळेत डिंक आणि पीठ मिसळून तो तयार होतो आणि हे पीठ पुष्कळदा गव्हाचे, म्हणजे मैद्याचे असते. सीलिॲक विकार असलेल्या व्यक्तीला गव्हाचा अंशही बाधतो. अशा घरात तांदळाच्या पिठाचा हिंग वापरावा किंवा स्वामीनारायण पद्धतीची बिनहिंगाची मेथिया केरी घालावी. ज्यांना मोहरीची ॲलर्जी आहे त्यांना मेथिया केरी आणि मिस्कूट दोन्ही टाळावे लागते. मेथी ही शेंगवर्गीय वनस्पती असल्याने शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनीही तिच्याबाबत सावध राहावे.

भूमध्यसागरी आहारात मिठाच्या पाण्यातील ऑलिव्ह आणि केपर चवीपुरते वापरले जातात. काठियावाडी ताटातील केरडे हे केपरच्याच प्रजातीतील झुडपाचे फळ. ही आहारपद्धती पाळायची म्हणून परदेशी बाटली आणण्याची गरज नाही. सोबत भाज्या, डाळी आणि फळे भरपूर असली की तोच भाव साधतो.

लोणचे ‘प्रोबायोटिक’ असते का?

लोणचे पोटातील उपकारक जीवाणू वाढवते, असा दावा हल्ली वारंवार केला जातो. कमी मिठाच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या आंबलेल्या भाज्यांबाबत तो खरा ठरू शकतो, कारण त्यांत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. छुंद्यातील साखर आणि मेथिया केरीतील मीठ मात्र सूक्ष्मजीवांना रोखण्यासाठीच घातलेले असतात. व्हिनेगरच्या लोणच्यात आम्ल बाहेरून येते, आंबण्यातून नव्हे. त्यामुळे सरसकट सर्व लोणच्यांना हे विशेषण लावता येत नाही. दही आणि ताक हे काम अधिक खात्रीने करतात.

दुसऱ्या टोकाची भीतीही तपासून पाहावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये ‘पारंपरिक आशियाई पद्धतीने लोणचवलेल्या भाज्या’ यांचा समावेश ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात केला. त्यामागचे अभ्यास प्रामुख्याने चीन, जपान, कोरिया येथील खारवलेल्या भाज्यांचे होते. तेथे त्या भाजीसारख्या मोठ्या प्रमाणात खाल्ल्या जातात. तो निष्कर्ष जसाच्या तसा कैरीच्या एका फोडीला लागू होत नाही. तथापि अतिरिक्त मीठ जठराच्या अस्तराला अपाय करते, ही बाब सर्वत्र सारखीच आहे.

जेव्हा लोणचे हीच भाजी होते

पथ्याची चर्चा बहुधा भरलेल्या ताटाभोवती होते. कष्टकऱ्यांच्या घरात भाकरी आणि तिखट किंवा लोणचे एवढ्यावर एक जेवण भागवावे लागते. उन्हात दिवसभर राबणाऱ्या शरीरातून घामावाटे मीठ जात असल्याने तेथे मिठाचा हिशेब बैठे काम करणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. खरा प्रश्न उणिवांचा असतो. लोणच्याने भाकरी गळ्याखाली उतरते, पण त्यातून प्रथिने मिळत नाहीत आणि भाजीची जागाही भरून निघत नाही. लहान मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत ही उणीव सर्वांत महाग पडते. मूठभर शेंगदाणे, उसळ किंवा वाटीभर डाळ जोडीला मिळाली तर त्याच भाकरी-लोणच्याचे जेवण पुष्कळ सुधारते. पेजेसोबत तोर खाण्याच्या गोव्यातील रीतीलाही हेच लागू पडते.

बरणी सुरक्षित कशी ठेवावी

कैरी आणि लिंबू आंबट असल्याने त्यांची लोणची स्वभावतः सुरक्षित असतात. अन्नातील आम्लता ४.६ पीएचपेक्षा सौम्य असेल आणि हवा बंद असेल तर बोट्युलिझम हा प्राणघातक विषबाधेचा धोका निर्माण होतो. म्हणून सोललेली लसूण नुसत्या तेलात घालून बाहेर ठेवू नये. त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरेसे असावे. बांबूच्या कोवळ्या कोंबांचे लोणचे घालताना कोंब आधी भिजवून, उकळून पाणी टाकून द्यावे, कारण कच्च्या कोंबांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. बरणी काचेची किंवा चिनी मातीची, पूर्ण कोरडी असावी. फोडी तेलाखाली राहाव्यात आणि ओला चमचा घालू नये. पावसाळ्यातील दमट हवेत गोव्यात ही काळजी अधिक घ्यावी लागते. बुरशी दिसल्यास वरचा थर काढून उरलेले वापरणे टाळावे.

विकतच्या बरणीवर पोषणमूल्ये १०० ग्रॅमसाठी छापलेली असतात. त्यांना दहाने भागले की एका लहान चमच्याचा हिशेब मिळतो. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. छापील आकडा ४००० मिलिग्रॅम सोडियम असेल तर एका चमच्यात ४०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅम मीठ आहे.

सारांशाने सांगायचे तर मधुमेह आणि कीटो यांत छुंदा व गोळकेरी टाळावी. रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकारांत मेथिया केरी आणि मिठातील लोणची अगदी कमी करावीत. ग्लुटेन वर्ज्य असलेल्यांनी हिंग तपासावा. जैन व स्वामीनारायण घरांनी लसूण, ओली मुळे आणि हिंग यांची खात्री करावी. यांपैकी कोणतेही बंधन नसलेल्या निरोगी व्यक्तीने दिवसाला एक लहान चमचा लोणचे जेवणासोबत घ्यायला हरकत नाही. एकाच व्यक्तीला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असतील, आणि आपल्याकडे असे अनेक आहेत, तर कोणती बरणी उघडायची हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांना विचारूनच ठरवावे. अशा वेळी ताज्या कैरीच्या दोन फोडी, चिमूटभर जिरेपूड आणि लिंबाची फोड एवढ्याने जेवणाला हवी ती आंबट चव येते, आणि बरणी घरातल्या इतरांसाठी तशीच राहू शकते.